सगुणा आणि सर्पगंधा

सरका थोडं, अशा जवळ या. त्या खांबाला टेकू नका, सदऱ्याला चुना लागेल. बुवांची एसटी कोरेगावच्या अलीकडं बंद पडलीय असा निरोप आलाय, तेव्हा आज कीर्तन कधी सुरू होईल ते पांडुरंगच जाणे. समई लावलीय, पेटी मांडलीय, माणसं जमलीत. नुसतं बसून डास मारण्यापेक्षा मी तुम्हाला एक गोष्ट सांगतो. कीर्तनातली नाही, कीर्तनामागची. ह्याच देवळात घडलेली. फक्त मधून उठू नका. अर्धी ऐकली तर ही गोष्ट उलटी कळते.

ते फरशीतलं कासव दिसतंय ना, त्याच्या पलीकडं आमची सगुणा उभी होती. सगुणा म्हणजे माझी बायको. हातात चिपळ्या, नऊवारी, खांद्यावरून कमरेला बांधलेला शेला. त्या काळी बाईमाणूस कीर्तनाला उभं राहतंय म्हटलं की चार गावांची माणसं नुसती बघायला यायची, आणि एकदा बसली की ऐकून जायची. तिच्या वडलांची गादी. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून त्यांनी चिपळ्या लेकीच्या हातात दिल्या. मी जातीचा शिंपी, दिवसभर मशीनवर आणि संध्याकाळी पेटीवर. सासऱ्यांनी मला मुलगी दिली ती माझं शिवण बघून नव्हे, पेटी ऐकून. सगुणा मात्र म्हणायची, "बाबांना कानानं जरा कमीच यायचं त्या सुमारास."

त्या दिवशी उत्तररंगात तिनं परटिणीचं आख्यान लावलं होतं. ते तिनं स्वतःच रचलेलं. एक परटीण असते. देवाचा पीतांबर रोज नदीवर नेऊन धुवायचा, वाळवून, घडी करून पुजाऱ्याच्या हातात द्यायचा, एवढंच तिचं काम. देवळाची पायरी तिनं कधी चढलेली नाही. देव कसा दिसतो, ठाऊक नाही. म्हातारी होते, आजारी पडते, चार दिवस येत नाही. पाचव्या दिवशी काठी टेकत येते, तर पुजारी पीतांबर तिच्या ओंजळीत टाकतो आणि तो ओलाचिंब. ती म्हणते, "न धुताच ओला कशानं, देवा?" आणि गाभाऱ्यातून आवाज येतो, "तुझी आठवण आली गं, बये."

ह्या वाक्याला सगुणाचा गळा दाटायचा. दरवेळी. पाठ केलेलं वाक्य, शंभरदा म्हटलेलं, तरी ती तिथं थांबायची, पदर डोळ्याला लावायची, आणि मी पेटीवर षड्ज नुसता धरून ठेवायचो. आमचा तबलजी दादू गुरव, मिशीवाला पैलवान गडी, तोसुद्धा डग्ग्यावर हात आडवा ठेवून खाली बघत बसायचा.

त्या दिवशी तिथं पोचायच्या आतच तिच्या नाकातून रक्त आलं. धार लागली. तिनं शेल्यानं नाक दाबलं, तसंच आख्यान पुरं केलं, आरती केली आणि मग पायरीवर बसली. दादू पाणी घेऊन धावला. पण त्याची जीभ कसली राहतेय!

"वहिनी, पीतांबर ओला कशानं ते समजलं. पर तुमचा शेला लाल कशानं?"

"तुझा ताल ऐकून रक्त आटलं नाही, उलट बाहेर आलं," सगुणा म्हणाली.

सगळे हसले. मी नाही हसलो. तिचे वडील ह्याच वयात, उभ्या कीर्तनात, अर्धांग होऊन कोसळले होते. तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली. पुढं जगले ते वर्षानुवर्षं, पण देवाचं नाव त्यांच्या तोंडून पुन्हा धड निघालं नाही. 'विठ्ठल' म्हणायला जायचे आणि नुसता घोगरा आवाज यायचा. त्यांच्या तोंडातून गळणारी लाळ सगुणानं आपल्या हातांनी पुसलेली होती. दुसऱ्याच दिवशी मी तिला साताऱ्याला नेलं.

डॉक्टर आष्टेकर म्हणजे भला माणूस. त्यांनी तिच्या दंडाला पट्टा बांधून हवा भरली, पारा बघितला, पुन्हा भरली, पुन्हा बघितला.

"बाई, तुमचा रक्तदाब बघून माझा वाढला," ते म्हणाले. "वडलांचं काय झालं ते तुम्ही सांगितलंत. तीच वाट आहे ही."

डॉक्टरांनी एक बाटली काढली. आत बारीक पांढऱ्या गोळ्या.

"ही नवी आहे, पण हिचं माहेर आपल्याच रानात. सर्पगंधा. कोकणात डोंगरउतारावर होते, कोणी मुंगसवेलही म्हणतात. जुने वैद्य तिची मुळी उगाळून साप चावलेल्याला पाजत, झोप उडालेल्याला देत. आता त्या मुळीतलं नेमकं सत्त्व वेगळं काढलंय. अल्कलॉइड म्हणतात त्याला. ह्या गोळीत बाकी पाला-माती काही नाही, नुसतं सत्त्व."

"म्हणजे दुधातलं लोणी काढलं म्हणा," सगुणा म्हणाली.

"अगदी तसंच."

"नुसतं लोणी पचायला जड असतं हो, डॉक्टर."

डॉक्टर हसले. आम्ही गोळ्या घेऊन घरी आलो.

खोटं कशाला बोलू, गुण आला. डोकं दुखायचं थांबलं, रक्त पुन्हा आलं नाही, पारा खाली उतरला. एक नाक तेवढं सारखं चोंदायचं. गाताना 'न' म्हणायला जावं आणि 'द' ऐकू यावं असं व्हायचं. दादूला तेवढंच पुरे.

"वहिनी, आज नारायण होता का दारायण?"

मी वाट बघितली, आता चिपळी येणार त्याच्या अंगावर. सगुणा म्हणाली, "हो का."

एवढंच. हो का.

मग घरात सगळीकडं ते 'हो का' पसरलं. दूध उतू गेलं, हो का. शेजारणीनं आमची वाळत घातलेली कुरडई उचलली, हो का. आमच्या घरात पहिला चहा भांडणाबरोबर व्हायचा, तो आता मुकाट व्हायला लागला. लोक म्हणतात बायको भांडत नाही, नशीबवान आहेस. त्यांना काय सांगायचं? मला तिच्या आरड्याओरड्याची भूक लागल्यासारखं झालं. एकदा तर मी तिच्या नव्या झंपराला मुद्दाम बाही उलटी लावली. मनात म्हटलं, आता बोलेल, 'कुठं शिकलात शिवण, मेंढरांच्या बाजारात?' तिनं तो झंपर घातला. उलट्या बाहीसकट घातला आणि पाण्याला गेली. मी दारात उभा राहून बघत राहिलो. बाई माझीच होती, चालही तिचीच होती, पण सगुणा कुठं गेली होती कोण जाणे.

आमची चंपा तेव्हा बार्शीला नांदत होती. माहेरपणाला आली आणि परत निघाली. एरवी सगुणा एसटी सुटली तरी तिच्या मागं चार पावलं चालायची, वळणावर गाडी दिसेनाशी झाली तरी तिथंच उभी राहायची, आणि मग घरी येऊन माझ्यावरच राग काढायची, लेक इतक्या लांब कशाला दिली म्हणून. त्या दिवशी तिनं चंपाच्या हातात डबा दिला, "नीट जा" म्हणाली आणि गाडी सुटायच्या आत माघारी वळली. चंपा खिडकीतून माझ्याकडं बघत राहिली.

"बाबा, आई माझ्यावर रागावलीय का?"

"नाही गं. औषध चालू आहे ना, थकते."

"थकलेली आई अशी नसते," ती म्हणाली. तेवढ्यात गाडी हलली.

चैत्रातला उत्सव आला. सगुणाला दोनदा विचारलं, जमेल का. म्हणाली, "उभी राहते की." आणि परटिणीचंच आख्यान लावलं. एक शब्द चुकला नाही. चाल चुकली नाही. ते वाक्य आलं, "तुझी आठवण आली गं, बये." मी सवयीनं षड्ज धरला. ती थांबलीच नाही. बाजारात भाव सांगावा तसं ते वाक्य सांगून पुढच्या पदाला लागली. माझी बोटं पट्टीवर तशीच राहिली आणि दादूनं माझ्याकडं असं बघितलं, की मी चुकलो का तो, हेच आम्हा दोघांना कळेना.

आता खरी गंमत ऐका. कीर्तन संपलं, आणि आक्काताई माने, देवळातल्या सगळ्या बायकांच्या पुढारी, मायाळू बाई, त्या उठल्या आणि त्यांनी सगुणाच्या पायावर डोकं ठेवलं.

"इतकी वर्षं तुम्ही रडवलंत आम्हाला," त्या म्हणाल्या, "आज कळलं, रडणं ही खालची पायरी. तुम्ही वर गेलात. आता तुम्हाला ना हर्ष ना खेद. सगुणाबाई, तुम्ही पोचलात!"

झालं. बायकांची रांग लागली पायाशी. शांती उतरलीय म्हणे चेहऱ्यावर. कोणी ओटी भरली, कोणी तान्हं मूल तिच्या पायावर घातलं. आम्ही कीर्तनाची माणसं, आयुष्यभर ऐकत आलो की समाधान पाहिजे, इच्छा जळली पाहिजे, मन निश्चल पाहिजे. आणि समोर तसंच माणूस उभं राहिलं तर दुसरं काय समजायचं? गर्दीत दादू माझ्या कानाशी आला.

"भाऊ, वहिनी खरंच पोचल्या का?"

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं त्यांना कुणीतरी नेलं."

घरी आल्यावर सगुणानं ओटीतले तांदूळ डब्यात ओतले, शेल्याची घडी केली आणि भिंतीला टेकून बसली. मग म्हणाली,

"अहो, एक विचारू? हसायचं नाही."

"विचार."

"मला देव आठवतो. त्याचं नाव आठवतं, रूप आठवतं, सगळी पदं आठवतात. चंपा आठवते, बाबा आठवतात. पण आठवण कुणाचीच येत नाही."

मी तिच्या शेजारी जाऊन बसलो.

"आठवणं आणि आठवण येणं, ह्यात एवढं अंतर असतं, ते मला आज उभं राहिल्यावर कळलं. देवाला परटिणीची आठवण येते, आणि मला देवाची येत नाही. मग मी उभी कशाला राहू? त्या बायका माझ्या पाया पडत होत्या. लाकडी बाहुलीच्या पाया पडल्यासारख्या."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. असतं तर मी घाबरलो नसतो.

साताऱ्याला गेलो. डॉक्टरांनी पट्टा बांधला, पारा बघितला आणि खूश झाले. "वा! असाच राहू दे." मी म्हटलं, "डॉक्टर, पारा राहू द्या, जरा माणसाकडं बघा." आणि तिला म्हटलं, "मला सांगितलंस ते सांग." तिनं सांगितलं. आठवणं, आठवण येणं, सगळं. डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"झोप लागते?"

"लागते. स्वप्नं घाण पडतात."

"जेवावंसं वाटतं?"

"वाढलं की जेवते."

"बाई, नीट विचारतो. जगावंसं वाटतं?"

सगुणा म्हणाली, "विहिरीवर पाणी शेंदताना वाटतं, दोर सोडला काय नि स्वतःला आत सोडलं काय, सारखंच."

डॉक्टर उठून खिडकीपाशी गेले, परत आले.

"चूक तुमची नाही," ते म्हणाले. "अलीकडं दोन-चार ठिकाणांहून असं कानावर येतंय. ह्या गोळीनं काही माणसं आतून विझतात. मी तुम्हाला त्या दिवशी एक सांगितलं नव्हतं, उगीच भ्याल म्हणून. जुने वैद्य ही मुळी आणखी एका दुखण्यावर द्यायचे. वेड लागलेल्यांना. फार खवळलेला माणूस शांत व्हावा म्हणून. आजही वेड्यांच्या इस्पितळात हीच गोळी देतात."

सगुणा किती महिन्यांनी थोडीशी हसली.

"मग बरोबर लागू पडली, डॉक्टर. मला एकच वेड होतं."

डॉक्टरांनी मान खाली घातली. मग हळूच म्हणाले, "गोळी आजपासून बंद. अर्धीसुद्धा नको. पण ऐका, दाब परत चढणार. दुसरं खात्रीचं औषध आज माझ्याकडं नाही. मीठ सोडा, दगदग सोडा, कीर्तन सोडा. आणि वडलांचं झालं ते विसरू नका. तुमचं उद्या तसं झालं तर..."

"तर तोंडातून नाव निघणार नाही," ती म्हणाली. "ठाऊक आहे. मी पुसलंय बाबांचं तोंड. पण त्यांना नाव घ्यायचं असायचं, डॉक्टर. जीभ वळत नव्हती तरी डोळ्यांतून पाणी यायचं. माझी जीभ वळतेय आणि आत कोणी नाही." तिनं पदर सारखा केला. "तुमच्या औषधानं वाचवलं, उपकार आहेत. पण वाचलं कोण, तेवढं सांगा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. तिनंही बघितलं. एकीकडं बायको जिवंत राहण्याची आशा, दुसरीकडं बायको परत मिळण्याची. मी म्हटलं, "तिचं तिनं ठरवावं."

"मीठ सोडते," सगुणा म्हणाली. "कीर्तन नाही."

"बाई, हा काय बाजार आहे घासाघीस करायला?" डॉक्टर म्हणाले, पण हसत होते, आणि चष्मा पुसत होते.

गोळी बंद झाली तरी तिचा अंमल लगेच उतरत नाही, असं त्यांनी बजावलं होतं. दिवस जायला लागले. विहिरीवर मी तिला एकटी जाऊ देईना, घागर मीच आणायचो. गाव म्हणालं, सगुणाबाईंची सेवा करतोय. मी रोज तिच्या तोंडाकडं बघायचो. दादू यायचा, खूण करायचा, 'काही?' मी मान हलवायचो, 'नाही.' जवळच्या माणसाची वाट बघणं फार वाईट. लांब गेलेल्याच्या वाटेला निदान रस्ता तरी असतो.

मग एका दुपारी मी मशीनवर होतो आणि ती सुपात गहू निवडत होती. एकाएकी आपल्या दंडाकडं बघून म्हणाली,

"अहो, हे काय? ह्या झंपराला बाही उलटी लावलीय!"

माझा पाय मशीनच्या पायट्यावर थांबला.

"घातला कसा मी हा? आणि गावभर फिरले! तुम्हाला दिसलं नाही? कुठं लक्ष असतं तुमचं? बायकोचं माणूस हसं करतं होय असं..."

ती बोलत होती आणि मी तोंडात टेप धरून खाली बघत होतो, हसू दिसू नये म्हणून. बोलता बोलता तिचा आवाज अडखळला. वर बघितलं तर गव्हांवर टपटप पाणी पडत होतं.

"चंपाची आठवण येतेय हो," ती म्हणाली. "त्या दिवशी मी वळून आले. तिला वळणापर्यंत बघितलं नाही. लेकीची किती आठवण येतेय..."

मी उठलो नाही. तिला थोपवलं नाही. आयुष्यात बायकोला रडताना बघून इतका आनंद झालेला दुसरा नवरा तुम्हाला सापडायचा नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं आम्ही बार्शीला गेलो. माय-लेकी चुलीपुढं बसून भांडल्या, रडल्या, पुन्हा भांडल्या. मी आणि जावई ओसरीवर बसून पान खात होतो. तो म्हणाला, "मामा, आत जाऊ का?" मी म्हटलं, "बसा. आत कीर्तन चाललंय."

श्रावणात ती परत इथं उभी राहिली. त्या वाक्यापाशी आली, आणि अडली. किती तरी वेळ. मी षड्ज धरला. भाता ओढत होतो, आणि वाटत होतं, हा सूर माझ्या हातून कधी सुटूच नये. दादूनं डग्ग्यावर हात आडवा ठेवला. मागं आक्काताई कुजबुजल्या, "अरेरे, पुन्हा खाली आल्या की." सगुणानं ते ऐकलं. पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "हो आक्काताई, आले. वर एकटीला करमेना."

डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच पुढं झालं. अळणी जेवली, पण उभी राहायची ती राहिलीच, आणि काही वर्षांनी एका सकाळी फुलं वेचताना बसली ती उठली नाही. जीभ जड झाली होती. दोन दिवस होती. नाव निघत नव्हतं. पण डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि मी ते पुसत होतो, आणि मला माहीत होतं की आत सगुणा आहे.

तो गलका कसला? आले वाटतं बुवा. सरळ बसा आता, वाट करून द्या. एवढं एकच ऐकून ठेवा. ह्या गावात जुनी माणसं तुम्हाला सांगतील की सगुणाबाई मोठ्या होत्या, एका वर्षी तर त्यांना शांती लाभली, डोळ्यांत टिपूस नव्हतं. सांगू द्या त्यांना. तुम्ही मात्र बुक्का लावून घ्याल तेव्हा माझ्या सगुणाचं नाव मनात घ्या, आणि पोचलेली म्हणून घेऊ नका. ती पोचली नव्हती हो. तिला शेवटपर्यंत आठवण येत होती.